साठचा पिस्टन

बेडगावच्या घाटात तिसऱ्या वळणावर
जीपने निळा धूर सोडला, तेव्हाच कळलं होतं मला.
तरी होळीपर्यंत नाटकवाल्यांचे पडदे ओढले तिच्यावर,
ऑर्गन, तबलजी, राजाची खुर्ची,
आणि दर खेपेला लिटरभर मोबिल,
पाहुण्याला चहा पाजावा तसं.

वडशाच्या वहाब मिस्त्रीने इंजिन उतरवलं,
हेड उघडून बाजूला ठेवलं
आणि क्रँकवरून अंगठ्याचं नख फिरवलं.
नख अडकलं.
"पाहा गा," म्हणाला, "माह्यं नख खोटं नाही बोलत."

मग बिडी पेटवता पेटवता दोन रस्ते मांडले त्याने.
नागपूरच्या भंगारात ठोकलेल्या पिकअपचं इंजिन आहे,
टर्बोवालं, पंचावन्न हजार.
जुने माउंटिंग कापू, नवे वेल्ड करू,
घाट असा चढन का तोंडातलं पान संपाच्या आधी वर.
आर.सी. बुकावरचा नंबर? ते मंग पाहू.
नाहीतर हेच बांधू :
बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक घासायला नागपूरले.
पैसा जवळपास तेवढाच, वरून महिनाभर वाट.
"अन् जोर?"
"जोर जेवढा होता तेवढाच."

माझा साळा तुळशीदास म्हणाला, बदलूनच टाका.
"सीटं बदलली, हूड बदलला, स्टेअरिंग दुसऱ्या गाडीचं,
आता जुनं राह्यलं काय? हॉर्न?"
हॉर्नही गेल्या वर्षीचा होता. मी बोललो नाही.

एकदा खोब्रागडीच्या पल्याड, लसींचा डबा मांडीवर घेऊन
मडावी सिस्टर म्हणाल्या होत्या,
"तुमची गाडी नाल्यापाशीच ओळखू येते.
बायका चुली झाकून पोरं घेऊन निघतात."
याला कारण म्हणतात का?
रात्री हिशेबाच्या वहीत मी आवाजाची किंमत लिहिली
आणि खोडली.

शनिवारी यामिनी आली, ब्रह्मपुरीच्या आयटीआयतून.
सरांकडून बोअर गेज मागून आणलेलं, टॉवेलात गुंडाळून.
चारही सिलिंडर मापले तिने,
वर, मधे, खाली, आडवे, उभे,
आकडे ब्लॉकवरच खडूने लिहीत गेली.
वहाबची बिडी विझली, त्याला कळलं नाही.
"बाबा, याला आधी दोनदा बोअर झालंय.
वीस झाला, चाळीस झाला.
साठचा बसतो अजून. मग संपलं."
"संपलं म्हणजे?"
"म्हणजे भिंत पातळ. मग स्लीव्ह घाला, नाहीतर किलोवर विका."

एक खेप उरली आहे, एवढं कळल्यावर
माणसाने काय करायचं हे कुठल्या गेजवर दिसत नाही.
मी वहाबला विचारलं,
"तो टर्बो, या गिअरबॉक्सले झेपन का?"
तो बराच वेळ एकच नट पुसत राहिला.
"गिअरबॉक्स बी बदलू मंग."
"आन् अॅक्सल?"
"...ते बी."
तुळशीदासला नेमकी तेव्हाच तंबाखू मळायची होती, बाहेर.

वहाबच्या शेडमध्ये जागा नव्हती,
जीप ट्रॅक्टरला बांधून घरी ओढून आणली,
बोनेट उघडं, आत नुसती वाऱ्याची जागा.
दहा दिवस मी ठरवत राहिलो.
सकाळी टर्बो, संध्याकाळी साठ,
जेवताना भंगार.

अकराव्या दिवशी इंजिनाच्या जागी
आमची नागड्या मानेची कोंबडी बसलेली दिसली,
वायरिंगच्या गुंत्यात तणस ओढून, खाली नऊ अंडी.
हुसकायला हात घातला,
तर बायको न्हाणीतून ओरडली,
"हात नोका लावू! एकवीस दिवस!"

तेंदूचा हंगाम तोंडावर, ठेकेदाराचे दोन फोन येऊन गेलेले.
मी वहाबला लावला. त्याच्या मागे ग्राइंडर किंचाळत होता.
"साठचे चार पिस्टन सांगून ठेव!"
"घाई हाय का?"
कोंबडीने मान वळवून एक डोळा माझ्यावर धरला.
"नाही," म्हटलं. "आत्ताच तर बसली."